आत्ययिक अवस्थेतील बालक, श्वासनलिकेतील नळी आणि भूल : वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी काय जाणावे

कौमारभृत्य हे आयुर्वेदाच्या अष्टांगांपैकी एक अंग असल्याने बालकांची चिकित्सा आपल्यापैकी बहुतेकांच्या नित्य व्यवहारात असते. परंतु ज्या बालकाचा श्वास थकला आहे आणि ज्याच्या श्वासनलिकेत तातडीने नळी घालून त्यास कृत्रिम श्वासावर ठेवावे लागणार आहे, त्याच्याविषयी आपल्या नियतकालिकांत क्वचितच लिहिले जाते. हे काम अतिदक्षता विभागाचे, त्याच्याशी आपला संबंध काय, असे काही वाचकांना वाटेल. संबंध निकटचा आहे. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेत आपल्याच पदवीचे अनेक चिकित्सक काम करीत आले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ते आहेत. खेड्यातील खासगी चिकित्सालयात तर असे बालक बहुधा प्रथम आपल्यापुढेच आणले जाते. नळी घालणारे हात दुसऱ्याचे असतात हे खरे. पण त्या हातांपर्यंत बालक कोणत्या स्थितीत पोहोचते आणि त्याच्यासोबत कोणती माहिती पोहोचते, हे पुष्कळ अंशी आपल्यावर अवलंबून असते.

हा लेख वाचून कोणी ही क्रिया करू लागावे असा आमचा हेतू नाही. पुढे काही मात्रा आल्या आहेत त्या विषय समजावा म्हणून, प्रयोगासाठी नव्हे.

भूल का द्यावी लागते?

श्वासोच्छ्वास बंद पडून बालक पूर्ण निश्चेष्ट झाले असेल तर कोणतेही औषध न देता नळी घातली जाते. परंतु बहुतेक बालकांत थोडीतरी शुद्ध शिल्लक असते. तीव्र फुफ्फुसशोथ, सतत चालू राहिलेले आक्षेपक, डोक्याचा मार, जंतुसंसर्गजन्य अवसाद, सर्पदंश अशा अवस्थांतील बालकाच्या घशात लॅरिंगोस्कोपचे पाते शिरताच ते धडपडते, खोकते, ओकारी काढते. वांतीतील अन्न फुफ्फुसात जाऊ शकते. घशातील उत्तेजनाने हृदयगती एकाएकी मंदावते, आणि लहान अर्भकात ही मंदगती हृदय थांबण्यापर्यंत जाऊ शकते. डोक्याला मार असेल तर कवटीतील दाब वाढतो. म्हणून प्रथम पुरेसा प्राणवायू देऊन, मग एक निद्राकर औषध व त्याच्या पाठोपाठ एक स्नायुशैथिल्यकारी औषध शिरेतून दिले जाते आणि साधारण मिनिटाभरात नळी घातली जाते. या पद्धतीस रॅपिड सीक्वेन्स इन्ट्युबेशन असे नाव आहे.

यातील धोका नीट ध्यानात घेतला पाहिजे. बालकाचा जो काही अपुरा श्वास चालू होता तोही आपण औषधाने काढून घेतो आणि दुसरा श्वास देण्याची हमी घेतो. ती हमी पाळता आली नाही तर परतीचा मार्ग अरुंद असतो. म्हणूनच अनुभवी भूलतज्ज्ञ औषध टोचण्यापूर्वी मास्क व पिशवीने श्वास देता येईल ना, शोषक यंत्र चालू आहे ना, लहान-मोठ्या मापाची नळी हाताशी आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहतात. बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना तो विलंब वाटतो.

आपल्या परंपरेला या प्रश्नाची जाण नव्हती असे नाही. सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास भोजन देण्यास व मद्याची सवय असणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजण्यास सांगितले आहे, ते मूर्च्छा येऊ नये व शस्त्राची वेदना कळू नये म्हणून. मात्र त्याच सूत्रस्थानात मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग यांचे कर्म उपाशीपोटी करावे असा अपवादही आहे. मुखरोगाचा या यादीत समावेश का, याचा विचार आजच्या भूलशास्त्राच्या प्रकाशात करण्यासारखा आहे. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय तर बोलू न शकणाऱ्या बालकाची वेदना केवळ त्याच्या चेष्टांवरून ओळखण्यासाठीच लिहिलेला आहे. त्या अध्यायाची आठवण पुढे पुन्हा येईल. परंतु शिरेतून दिलेली भूल व कृत्रिम श्वास ही अर्वाचीन विद्या आहे. ती प्राचीन ग्रंथांत शोधण्याचा हट्ट धरू नये, असे आमचे मत आहे.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

अर्भकाची प्राणवायूची गरज वजनाच्या मानाने प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट असते : दर किलोस दर मिनिटाला ६ ते ८ मिलिलीटर, प्रौढात ती ३ ते ४ असते. उलट फुफ्फुसात शिल्लक राहणारा साठा थोडा. परिणामी, आधी पूर्ण प्राणवायू दिलेल्या निरोगी प्रौढाचा श्वास थांबला तर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत घसरण्यास सुमारे ८ मिनिटे लागतात. १० किलो वजनाच्या निरोगी बालकास ४ मिनिटेही लागत नाहीत. आजारी बालकाच्या बाबतीत हा अवकाश काही सेकंदांवर येतो. त्यामुळे बालकांत औषध लागू होईपर्यंत हलक्या हाताने पिशवीने श्वास देत राहण्याची पद्धत आता मान्य झाली आहे.

मार्गाची रुंदी हा दुसरा प्रश्न. ४ मिलिमीटर व्यासाच्या श्वासमार्गात सभोवार १ मिलिमीटर सूज आली तर मार्गाचे क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी घटते. प्रौढाच्या ८ मिलिमीटरच्या मार्गात तेवढ्याच सुजेने ते सुमारे ४४ टक्क्यांनी घटते. प्रौढास घोगरेपणा आणणारी सूज अर्भकाचा प्राण घेऊ शकते ती यामुळे. बालकाचे डोके मोठे, मागचा भाग पुढे आलेला. उताणे ठेवल्यास मान आपोआप वाकते व मार्ग दबतो. म्हणून लहानग्याच्या खांद्यांखाली पातळ घडी ठेवतात. जीभ मोठी, स्वरयंत्र वर व पुढे, त्यावरील झडप लांब व लवचीक. नळीचे मापही वयाप्रमाणे काढावे लागते. फुगा असलेल्या नळीसाठी वर्षांतील वयास ४ ने भागून ३.५ मिळवतात, म्हणजे ४ वर्षांच्या मुलास साधारण ४.५ मापाची नळी. अर्धे माप कमी व अर्धे जास्त अशा दोन नळ्या शेजारी ठेवलेल्या असतात.

तिसरी गोष्ट रक्तदाबाची, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित. अतिसाराने जलक्षय झालेले किंवा जंतुदोषाने अवसन्न झालेले बालक आपला रक्तदाब केवळ जलद हृदयगती व आकुंचित रक्तवाहिन्या यांच्या बळावर टिकवून धरते. निद्राकर औषध ते बळ काढून घेते. त्यात यंत्राने छातीत हवेचा दाब वाढला की हृदयाकडे परत येणारे रक्त आणखी कमी होते. नळी उत्तम बसली आणि बालक गेले, असा प्रसंग घडतो तो येथे. यासाठी आधी शिरेतून द्रव द्यावा, गरज पडल्यास अ‍ॅड्रिनॅलिनसारखे औषध सुरू करावे आणि मगच भूल द्यावी, असा आजचा दंडक आहे. १ ते १० वर्षांच्या बालकांत वरच्या रक्तदाबाची खालची मर्यादा काढण्याचे सोपे सूत्र आहे : वयाची दुप्पट अधिक ७०. तीन वर्षांच्या बालकात ७६ च्या खाली गेलेला आकडा ही उशिराची खूण होय. थंड हातपाय, नख दाबल्यावर सावकाश परतणारी लाली आणि कमी झालेले मूत्र या खुणा त्याआधीच दिसतात, आणि त्या पाहण्यास यंत्र लागत नाही.

औषधांची निवड

आज आत्ययिक बालकांत निद्राकर म्हणून केटामिन पुष्कळ वापरले जाते. ते रक्तदाब बहुधा टिकवते, वेदना शमवते व श्वासनलिका सैल करते; म्हणून तीव्र तमक श्वासात त्यास प्राधान्य मिळते. शिरेतून दर किलोस १ ते २ मिलिग्रॅम दिल्यावर मिनिटाच्या आत काम सुरू होते आणि १० ते २० मिनिटांत ते ओसरते. त्याने लाळ वाढते. कवटीतील दाब वाढतो म्हणून डोक्याच्या मारात ते निषिद्ध मानले जाई; तो निषेध आता शिथिल झाला आहे. मात्र दीर्घकाळ अवसादात राहून ज्याचे बल पूर्ण क्षीण झाले आहे अशा बालकात केटामिननेही रक्तदाब कोसळतो. तेथे मात्रा कमी करतात.

इटोमिडेट रक्तदाबास धक्का लावत नाही, पण त्याची एकच मात्रादेखील अधिवृक्क ग्रंथीचे कार्य काही काळ दाबते. म्हणून जंतुसंसर्गजन्य अवसादात ते टाळण्याकडे कल आहे. प्रोपोफॉल व थायोपेंटोन आक्षेपकात उपयोगी, परंतु रक्तदाब उतरवतात. मिडाझोलाम सावकाश लागू होते आणि दुर्बल बालकात तेही रक्तदाब घटवते.

स्नायुशैथिल्यकारी औषधांत सक्सिनिलकोलिन सर्वांत जलद व अल्पकाळ काम करते. परंतु त्याने रक्तातील पोटॅशियम वाढते. निदान न झालेला स्नायुक्षयाचा विकार असलेल्या मुलग्यांत त्यामुळे हृदय बंद पडल्याच्या घटना घडल्याने अमेरिकेत १९९० च्या दशकातच त्यावर ठळक इशारा छापला गेला. काही दिवस जुने मोठे भाजणे व चिरडलेले अवयव यांतही ते वर्ज्य आहे. आपल्या शेतकरी प्रदेशात आणखी एक बाब महत्त्वाची : ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाच्या कीटकनाशकाची बाधा झालेल्या बालकात सक्सिनिलकोलिनचे विघटन करणारे विकरच निकामी झालेले असते, त्यामुळे काही मिनिटांचे शैथिल्य तासांवर लांबते. फवारणीचा डबा कोणता होता हे पालकांना विचारून चिठ्ठीवर नाव लिहिणे, शक्य तर डब्याचे वेष्टन सोबत पाठवणे, हे काम आपण करू शकतो.

रोक्युरोनियम दर किलोस १ ते १.२ मिलिग्रॅम दिल्यास जवळजवळ तेवढ्याच वेगाने काम करते आणि पोटॅशियमचा धोका नसतो. त्याचा परिणाम मात्र ३० मिनिटे ते तासभर, कधी त्याहून अधिक टिकतो. आता मागील आकडा आठवावा. केटामिन १० ते २० मिनिटांत ओसरते. म्हणजे नळी बसली, सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि पुढची भूल सुरू करण्याचे राहून गेले, तर बालक जागे होते. परंतु बोटही हलवू शकत नाही, डोळे उघडू शकत नाही, रडू शकत नाही. पाहणाऱ्यास ते शांत झोपलेले दिसते. या विषयात आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. वेदनाध्यायातील कोणतेही लक्षण येथे उपयोगी पडत नाही, कारण चेष्टाच उरलेल्या नसतात. उरतात ती हृदयगती, रक्तदाब, घाम व डोळ्यांच्या कडेला येणारे पाणी. नळीनंतर लगेच फेंटॅनिल किंवा मॉर्फिन व मिडाझोलाम यांसारख्या औषधांचा सतत प्रवाह सुरू करणे हा त्यावरील उपाय होय. बालकास शहरातील मोठ्या रुग्णालयात हलवताना रुग्णवाहिकेत जो वैद्य बसतो, त्याने निघण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ झाले : झोपेचे औषध चालू आहे काय, आणि शैथिल्याची शेवटची मात्रा किती वाजता दिली?

मण्यार सापाच्या दंशात तर हीच अवस्था कोणतेही औषध न देता येते. पापण्या मिटतात, हातपाय लुळे पडतात, श्वास थांबू लागतो, बालक बेशुद्ध भासते. पुष्कळदा त्यास सारे ऐकू येत असते. अशा मुलाच्या उशाशी मोठ्याने निराशेचे बोलू नये, आणि ते हलत नाही म्हणून भुलेची गरज नाही असे मानू नये.

वजन, कुपी आणि पाव मिलिलीटर

शार्ङ्गधराने बालकाची मात्रा वयावर बसवली : पहिल्या महिन्यात एक रक्तिका, पुढे दरमहा एकेक वाढ. शिरेतील औषधांना वयाचा आधार पुरत नाही, वजनच हवे. आणीबाणीत वजन करण्यास सवड नसते, म्हणून उंचीवरून वजन सांगणारी रंगीत फीत किंवा वयाची सूत्रे वापरतात. ही साधने परदेशी बालकांवर बेतलेली असल्याने आपल्याकडील कृश मुलांचे वजन त्यांत पुष्कळदा जास्त येते. एक उदाहरण पाहू. ८ किलोच्या बालकास दर किलोस १.५ मिलिग्रॅमप्रमाणे केटामिन १२ मिलिग्रॅम लागते. बाजारात ते दर मिलिलीटरला ५० मिलिग्रॅम व १० मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांत मिळते. पहिल्या कुपीतून घ्यावयाचे औषध पाव मिलिलीटरहूनही थोडे कमी; दुसरीतून १.२ मिलिलीटर. कुपी बदलली आणि लक्षात आले नाही, तर मात्रा पाचपट होते.

आपल्या चिकित्सालयात महिन्याभरापूर्वी घेतलेले वजनही अशा वेळी मोलाचे ठरते. नोंदवहीत प्रत्येक बालकाचे वजन तारखेसह लिहिण्याचा प्रघात ज्यांनी ठेवलेला नाही त्यांनी तो आजच सुरू करावा.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी येथेच काही शब्द. केटामिन शेड्यूल एक्समध्ये आहे. ते कुलुपात ठेवणे, चिठ्ठीच्या दोन प्रती घेणे व एक प्रत दोन वर्षे जपणे बंधनकारक आहे. मिडाझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये येते व त्याची वेगळी नोंदवही तीन वर्षे ठेवावी लागते. सक्सिनिलकोलिन व रोक्युरोनियम २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाची औषधे आहेत. भारनियमनात शीतकपाट तासन्‌तास बंद राहिले तर सक्सिनिलकोलिनची शक्ती हळूहळू घटते. वेळेवर ते अर्धवट काम करते आणि डॉक्टर पुन्हा मात्रा देत राहतात. गावातील शुश्रूषागृहास आपण ही औषधे पुरवीत असाल तर शीतकपाटात तापमापक असू द्यावा, आणि शैथिल्यकारी कुप्या इतर इंजेक्शनांत न मिसळता वेगळ्या डब्यात, ठळक चिठ्ठी लावून ठेवाव्यात.

आपल्या दारात

श्वास लागलेले बालक जेव्हा तळमळते, आईच्या हातून सुटू पाहते, मास्क ढकलते, तेव्हा त्यास ‘थोडे शांत करावे’ असा मोह होतो. ही तळमळ बहुतेक वेळा प्राणवायूच्या अभावाची असते. तिला झोपेच्या औषधाने दाबणे म्हणजे धोक्याची घंटा बडवणाऱ्याचे तोंड बांधणे. ट्रायक्लोफॉसचे सिरप, प्रोमेथाझिन, यांपैकी काहीही अशा बालकास देऊ नये. प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालील बालकांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्याने त्या वयात ते न वापरण्याचा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली दिला. आपल्या देशातही क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे सर्दीवरील मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा आदेश २०२३ च्या डिसेंबरात निघाला आहे. दुकानात ‘पोरगं रात्रभर किरकिरतं, झोपेचं काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या पालकास बाळाचा श्वास कसा चालतो, छाती आत ओढली जाते का, एवढे विचारूनच पुढे बोलावे. गुटीतून अफू चाटवण्याची जुनी रीत काही घरांतून पूर्ण गेलेली नाही. बारीक झालेल्या बाहुल्या व मंद श्वास दिसला तर वडीलधाऱ्या बायकांना न दटावता, विश्वासात घेऊन विचारावे.

असे बालक आईच्या मांडीवर, त्यास सोसेल त्या स्थितीत बसू द्यावे. बळेच आडवे करू नये. लाळ गळते आहे, गिळता येत नाही, श्वास घेताना घशातून शीळ वाजते आहे, अशा वेळी चमच्याने जीभ दाबून घसा पाहण्याचा आग्रह अनर्थ घडवतो. प्राणवायू असेल तर नाकापुढे धरावा, १०८ ला बोलवावे, तोंडाने काहीही देऊ नये. मधातील चाटणही नाही. ठरवून केलेल्या शस्त्रकर्मात पाणी २ तास, स्तन्य ४ तास व इतर दूध-अन्न ६ तास आधी थांबवतात. आणीबाणीत ही मुदत मिळत नसल्याने पोट भरलेलेच आहे असे धरून चालावे लागते. तरी शेवटचे खाणे-पिणे किती वाजता झाले हे चिठ्ठीवर लिहावे.

त्याच चिठ्ठीवर आपण दिलेली आयुर्वेदीय औषधेही नि:संकोच लिहावीत. ‘काही घरगुती दिले होते’ एवढ्याने भागत नाही. कनकासवात धत्तूर असतो. त्याने बाहुल्या विस्फारतात व हृदयगती वाढते, आणि डोक्याला मार लागलेल्या मुलाच्या बाहुल्या पाहणाऱ्या डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते. त्रिभुवनकीर्ती व आनंदभैरव या रसांत वत्सनाभ आहे. मात्रा चुकल्यास हृदयाची गती व लय बिघडते, आणि नळी घालताना बालकाची हृदयगती आधीच नाजूक असते. सर्पगंधा बालकास सहसा कोणी देत नाही, पण घरातील आजोबांच्या गोळ्या मुलाने खाल्ल्या असल्यास रक्तदाब टिकवणारी शरीरातील द्रव्ये घटलेली असतात व केटामिनचा आधार लटका पडतो. जटामांसी, तगर यांनी तंद्रा येते. सोमकल्पाने हृदयगती वाढते. विंचूदंशावर प्राझोसिन दिले असेल तर त्याची वेळ जरूर लिहावी. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ते रूढ केल्यापासून कोकणातील कितीतरी बालके वाचली. पण ते रक्तदाब उतरवणारे औषध आहे आणि भूल देणाऱ्यास ते कळले पाहिजे. आयुर्वेदीय औषधाचे नाव वाचून समोरचा काय म्हणेल या भिडेने नाव गाळणे बालकाच्या हिताचे नाही. संस्कृत नावापुढे घटक मराठीत किंवा इंग्रजीत स्पष्ट लिहावा, म्हणजे ‘कनकासव’ वाचून कोणी अंदाज करीत बसणार नाही.

बालक बरे होऊन घरी आल्यावर पुन्हा आपल्याकडेच येते. आवाज काही दिवस घोगरा राहतो, घसा दुखतो, खाण्याची इच्छा नसते. स्निग्ध, मृदू, कोमट आहार द्यावा. काही मुले रात्री दचकून उठतात, आईस सोडत नाहीत. हे बहुधा काही आठवड्यांत निवते. परंतु नळी काढल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी श्वास घेताना घशातून शीळ वाजू लागली, रडताना ती वाढली, मान-छाती आत ओढली जाऊ लागली, तर ती सर्दी समजून वासावलेह देत बसू नये. नळीच्या जागी व्रण भरताना श्वासमार्ग आकसत असण्याची ती खूण असते. अशा बालकास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावे, आणि चिठ्ठीवर नळी किती दिवस होती ते लिहावे.